गुडघ्याची दृष्ट

माझी नात मधुवंती राज्याच्या संघातून फुटबॉल खेळायची. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती देवासला घरीच बसून होती. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूरला निवड चाचणी होती आणि जायचा तिला धीर होत नव्हता.

देवीच्या टेकडीवर दिवे लागले, तेव्हा मी मीठ-मिरच्या तिच्या गुडघ्यावरून उतरवू लागले.

"आजी, नजर चेहऱ्यावरून काढतात, घुटन्यावरून नाही!"

"तुझ्या चेहऱ्याकडे बघतंय कोण, बाई? सगळ्यांचे डोळे पायांवर!"

ती खूप दिवसांनी हसली. मिरच्या निखाऱ्यावर जळल्या, पण कुणालाच ठसका लागला नाही. म्हणजे दृष्ट होतीच.

पहाटे झोपेत मला अंगणातल्या भिंतीवर चेंडू आपटताना ऐकू येत राहिला, तिच्या लहानपणी आपटायचा तसाच. मला स्वप्नच वाटलं. उठून पाहिलं, तर भिंतीच्या चुन्यावर मातीचे ताजे गोल उमटले होते.

"आजी, चहा दे ना जल्दी, बस निघून जाईल!"