डाव्या पायामागची चावी

दारू गाळणारी. दोह्यातल्या आमच्या मराठी मंडळात गेला उन्हाळाभर मला हे नाव चिकटलं होतं. तोंडावर कोणी म्हणायचं नाही, पण मी खोलीत शिरले की बायकांचं बोलणं मिक्सर बंद केल्यासारखं थांबायचं. खरं तर मी काही गाळत नव्हते. मी करत होते ती बिअर, आणि बिअर आंबवतात. पण हा फरक समजवायला गेले असते तर आणखी एक नाव पडलं असतं.

माझं खरं नाव आसावरी. माहेर नाशिकचं, शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशनचं. नवरा सुरेश गॅस प्लांटमध्ये. त्याच्या व्हिसावर मी इथे आले, नोकरीसाठी अर्ज करत राहिले आणि शेवटी थकून थांबले. ओल्ड एअरपोर्ट भागात एका व्हिलाचे चार भाग करून भाड्याने दिलेत, त्यातला मागचा भाग आमचा. तिथल्या शेडमध्ये, हाताला काम हवं म्हणून, मी ती रिग बांधली. रिग हे नाव सुरेशच्या मित्रांचं. तेल-गॅसमधल्या माणसांना तीन पायांवर उभं असलेलं काहीही रिगच वाटतं.

पण होती मात्र देखणी. हॉटेलवाल्याकडून घेतलेलं स्टेनलेसचं भलंमोठं पातेलं, खाली तोटी, कमरेला बाहेरून आवळलेला पट्ट्याचा हीटर, आणि त्यावर माझा टेम्परेचर कंट्रोलर. धान्य सहासष्ट डिग्रीवर ठेवायचं असतं, कंट्रोलर काटा हलू देत नसे. उकळायला मात्र खाली गॅसची शेगडी. कारण हीटरवर उकळी आणायला गेलं की अख्ख्या व्हिलाचा ब्रेकर पडायचा, एसी बंद व्हायचे, आणि ऑगस्टमध्ये एसी बंद पाडणाऱ्या बाईला शेजारी माफ करत नाहीत. म्हणून मुरायला वीज, उकळायला गॅस. गॅसची चावी मी उजव्या बाजूला बसवली होती, पुढेच, डोळ्यांसमोर. उकळताना फेस कधी वर येईल सांगता येत नाही, तेव्हा हात आपोआप गेला पाहिजे तिकडे. पातेल्याच्या कड्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका वेल्डरने लावल्या, त्यातली एक जराशी तिरकी बसली.

बाजारातून जव आणायचे, मटकीला आणतो तसे फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायचे, भरडायचे. संत्र्याची साल आणि धणे घालायचे. ते उकळायला लागलं की शेडभर ताज्या पावाचा वास सुटायचा. मी स्वतः घोटभरसुद्धा पीत नाही. मला तो वास आवडायचा, आणि मी सांगितलेल्या आकड्यावर थांबलेला काटा आवडायचा. या देशात दुसरं काहीच माझं ऐकत नव्हतं.

पिणारे दुसरेच होते. शुक्रवारी सुरेशचे मित्र जमायचे, त्यात पुढे अवधूत भावजी. सुरेशचे सीनियर आणि मंडळाचे सेक्रेटरी. फेस आला की धावून चावी फिरवायचे, बाटलीने पाणी फवारायचे, मोठ्या हौसेने. पहिला ग्लास त्यांचाच. "वहिनी, तुम्ही घरी बसून वाया गेलात," म्हणायचे आणि दुसरा भरून घ्यायचे.

मग एकदा मालकाच्या वॉचमनने सुरेशला विचारलं, हा वास कसला येतो? एवढंच. पण भीतीला तेवढं पुरलं. इथे हे सापडलं तर कोर्ट, जेल आणि मग विमान, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी मंडळाची मीटिंग झाली, अवधूत भावजींच्या अल मुंतझातल्या व्हिलात.

"आम्हा पुरुषांना खरंच काही आयडिया नव्हती," भावजी सगळ्यांसमोर म्हणाले. "वहिनींचा उद्योग तो. आम्ही समजायचो, सरबत आहे."

सरबत! ज्यांच्या मिशांना माझ्या बिअरचा फेस लागला होता त्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सुरेशकडे पाहिलं. तो स्वतःच्या पायमोज्यांकडे पाहत होता.

भावजींची बायको, शैलजावहिनी, मनाने वाईट नाहीत, पण सोवळ्याच्या कडक. त्या म्हणाल्या, "आसावरी, राग मानू नकोस. पण गणपतीच्या नैवेद्याला यंदा तुझे हात नकोत."

घरी आल्यावर सुरेश म्हणाला, "माझ्या नोकरीचा प्रश्न होता गं. अवधूत माझं अप्रेझल करतो. खलास झाला विषय, आता सोड ना." आणि मी सोडलं. नवऱ्याचं समजून घेतलं. भावजींचं नाही.

रिग त्यांनीच पिकअपमधून नेली. "स्क्रॅपवाल्याकडून तुकडे करून घेतो, वहिनी. तुम्हाला त्रास नको." दोन दिवसांनी मेसेज आला, तुकडे झाले, निश्चिंत राहा. मी रडले. माणसासाठी रडावं तशी रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

सुरेशने त्यानंतर शुक्रवारी क्रिकेट सुरू केलं. म्हटलं बरं झालं, निदान चार माणसांत जातो आहे.

गणपतीच्या आधी शैलजावहिनींनी बायकांच्या ग्रुपवर त्यांच्या कढीपत्त्याचा फोटो टाकला. झाड छान वाढलं होतं. झाडामागे त्यांच्या मागच्या खोलीची खिडकी होती, खिडकीत अर्धवट पडदा, आणि पडद्याखाली स्टीलची एक तिरकी कडी. मी फोटो मोठा करून पाहिला. मग सगळ्यांसारखं हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि लिहिलं, "मस्त! नजर लागेल."

म्हणजे माझं नाव घाण करून हा माणूस माझ्याच रिगवर बिअर करत होता. त्या दिवशी मी ठरवलं. रिग परत मिळाली नाही तरी चालेल. मला एकच गोष्ट हवी होती. ती कोणी बांधली आणि कोण कोण प्यालं, हे अवधूत भावजींच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत. तेही गणपतीसमोर, कारण तिथे त्यांची बायको त्यांना खोटं बोलू देणार नाही.

मंडळाचं मोठं पितळी पातेलं वर्षभर आमच्या शेडमध्ये असतं. नैवेद्याला माझे हात नको होते, पातेलं मात्र माझ्याच घरून येणार होतं. त्याची कल्हई गेल्याच वर्षी जागोजाग उडाली होती. दोह्यात सगळं मिळतं, कल्हईवाला मिळत नाही. आणि कल्हई नसलेल्या पितळेत दूध आटवायचं नाही, हे आमच्यातल्या कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. मी तरीही सांगणार होतेच. फक्त कधी सांगायचं, ते माझं मी ठरवलं.

गणपती यंदा अवधूत भावजींच्याच व्हिलात होता. दारं लावून, आवाज बेताचा ठेवून, जसा इथे बसवतात तसा. नैवेद्याला मोदक होतेच, पण महाप्रसादाला गव्हल्यांची खीर होती. बायकांनी महिनाभर एकमेकींकडे बसून गव्हले वळले होते. मला कोणी बोलावलं नव्हतं.

सकाळी मी पातेलं नेऊन ठेवलं. दुधाचे कॅन आले, उघडले गेले, साखर मोजून झाली. मग मी पातेल्यावरचं फडकं काढलं.

शैलजावहिनींनी आत डोकावून कपाळाला हात लावला. "अगं बाई, कल्हई कुठाय? यात दूध नासेल! आता एवढं दूध शिजवू कशात?"

"तुमच्याकडे आहे की स्टीलचं," मी म्हटलं. "मागच्या खोलीत. तुमच्या कढीपत्त्याच्या फोटोत दिसलं मला."

अवधूत भावजी दारात फुलांची टोपली घेऊन उभे होते. "ते... ते नको. ते गंजलंय."

"स्टेनलेस?" मी विचारलं.

"तुम्ही तर म्हणालात, कंपनीचं वॉटर ट्रीटमेंटचं आहे," शैलजावहिनी नवऱ्याला म्हणाल्या. "मग चांगलंच की! घासून घेऊ."

त्या मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी पडदा ओढला. माझी रिग तिथे उभी होती, पायांना चिकट काळे डाग, कंट्रोलरवर धूळ. तिची ती दशा पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मागे पुरुष जमले. जो तो तिच्याकडे पाहत होता, आणि जो तो पहिल्यांदाच पाहतोय असा चेहरा करत होता. ओळख दाखवली असती तर कुठली ओळख, हेही सांगावं लागलं असतं.

"नैवेद्याचं काम आहे," मी म्हटलं. "चिंचेने घासायला हवं. माझे हात तर चालत नाहीत. भावजी, तुम्ही सेक्रेटरी, यजमानही तुम्हीच. चला, यल्ला!"

त्यांनी घासलं. सिल्कचा कुडता कोपरापर्यंत वर करून, मागच्या नळाखाली बसून घासलं. मी दाराशी खुर्ची टाकून बसले आणि तोटीत अजून वास येतोय असं सांगत राहिले. खोटं कशाला बोलू, मला मनापासून मजा आली.

"पेटवायचं कसं हे?" शैलजावहिनींनी विचारलं.

"गॅसवर उकळी आणायची, मग हीटरवर कढत ठेवायचं. तळाला लागणार नाही. मी इथून सांगते, भावजी करतील."

भावजींनी वाकून, चावी कुठे आहे ते ठाऊकच नसल्यासारखं चाचपून गॅस पेटवला. त्यांची पाठ माझ्याकडे होती. दूध ओतलं गेलं, त्यांच्या हातात लांब दांड्याचा डाव आला आणि ते ढवळायला लागले. घाम त्यांच्या कानांवरून गळत होता. ढवळता ढवळता त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं की मला सगळं कळलंय. मी हसले. प्रसाद वाढायच्या आधी सगळे बसले की विचारायचं, एवढंच माझं बाकी राहिलं होतं. भावजी, सांगा ना, इतकं छान पातेलं कोणी बनवलं?

तेवढ्यात बाहेर गाडी वाजली. कंपनीचे मोठे साहेब दर्शनाला आले. अवधूत भावजींनी डाव कडीला टेकवला आणि सुटका झाल्यासारखे धावले.

"भावजी, जागा सोडू नका!" मी ओरडले. पण ते गेले होते.

आणि दूध वर आलं. वरची साय फुगली आणि कडेपर्यंत चढली. मी खुर्चीवरून उडी मारली. माझे हात चालतात की नाही, याचा विचार कुणी करायचा! मी वाकून उजव्या बाजूच्या चावीला हात घातला.

चावी नव्हती. तिथे नुसती झाकणी मारलेली होती. मी सपाट पत्र्यावर हात फिरवत राहिले. माझीच रिग, आणि मला तिची चावी सापडेना. दूध कडेवरून पहिली धार सोडणार एवढ्यात "बाजूला हो!" म्हणत कोणीतरी मला खांद्याने सारलं, खाली बसलं, मागच्या डाव्या पायामागे हात घातला आणि न पाहता चावी फिरवली. लगेच उभं राहून दुसऱ्या हाताने शेल्फवरची पाणी फवारायची बाटली उचलली आणि सायीवर फवारा मारला. साय खाली बसली.

तो सुरेश होता.

त्याच्या हातात बाटली तशीच होती. माझ्या शेडमध्ये ही चावी उजवीकडे होती. डावीकडे ती या खोलीत आल्यावर बसवली गेली, कारण इथे सिलिंडर डाव्या खिडकीबाहेर आहे. आणि सुरेश मला सांगायचा, मीटिंगनंतर मी त्या घराची पायरी चढलो नाही.

"सुरेशभावजी, बरं ठाऊक तुम्हाला!" शैलजावहिनी कौतुकाने म्हणाल्या. "आमच्या ह्यांना सकाळी शोधावी लागली."

 माझ्याकडे पाहून सुरेशने ओठ हलवले, बहुतेक माझं नाव. मी त्याला विचारलं, अगदी हळू, "क्रिकेट कसं चाललंय?"

त्याने मान खाली घातली. तशीच, मीटिंगमध्ये घातली होती तशी.

मला वाटलं होतं, सूड घेताना थंड वाटतं. मला काही थंड वाटलं नाही. एका घरासाठी लावलेला सापळा माझ्याच घरावर मिटला होता. गप्प बसले असते तर माझं घर वाचलं असतं, आणि ते नाव जन्मभर माझ्या कपाळी राहिलं असतं. अवधूत भावजी साहेबांना घेऊन दारात आले, मागे सगळे पुरुष, सगळ्या बायका. त्यांच्या तोंडून वदवून घ्यायला आता मला थांबायचं नव्हतं.

"शैलजावहिनी," मी म्हटलं, "हे कंपनीचं नाही. हे मी बांधलंय. बिअर करायला बांधलं होतं. माझ्या शेडमध्ये यातलं सरबत इथल्या सगळ्या पुरुषांनी प्यायलंय, आणि माझ्याकडून नेल्यावर या खोलीत अजूनही होतंय. तुमच्या यजमानांना विचारा. माझ्या यजमानांना विचारा, त्यांना तर चावीसुद्धा न पाहता सापडते."

मोठ्या साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी हसून हात जोडले. त्यांच्याशिवाय कोणी हसलं नाही.

शैलजावहिनी नवऱ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी त्याचा हात धरून त्याला आतल्या गणपतीच्या दिशेने वळवलं. "बोला. तिकडे बघून बोला. खोटं आहे का हे?"

अवधूत भावजी गणपतीकडे पाहत उभे राहिले. "खरं आहे," ते म्हणाले. इतकं हळू की मागच्यांना ऐकू गेलं नसतं. म्हणून वहिनींनी ते पुन्हा म्हणायला लावलं.

मग त्यांनी कडीला टेकवलेला डाव उचलला, स्वतःच्या पदराने पुसला आणि माझ्यापुढे धरला. "घे. तळाला लागेल."

बिअर झालेलं पातेलं आता कसं चालेल, असं एक जण कुजबुजली. शैलजावहिनी मागे न पाहता म्हणाल्या, "चिंचेने घासलंय. माणसांना घासायची सोय नाही." आणि गव्हल्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं.

मी कंट्रोलरची धूळ पुसली, हीटर लावला, काटा मला हवा तिथे थांबला. गव्हले फुलले, वेलदोडा पडला. नैवेद्याची पहिली वाटी माझ्या हाताने गेली. मग पंगत बसली आणि वाढायला मीच उभी राहिले. पुरुषांनी वर न पाहता वाट्या पुढे केल्या. मी भरल्या. अवधूत भावजींचीही भरली, काठोकाठ.

रांगेच्या शेवटी सुरेश बसला होता. त्याने वाटी दोन्ही हातांनी धरली होती. पातेल्यात खीर अजून बरीच होती, हे त्यालाही दिसत होतं. मी त्याच्यासमोर उभी राहिले, डाव परत पातेल्यात ठेवला आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहून विचारलं, "चला, अजून कोण राहिलंय का?"