सोलांचा डबा आणि पन्नास काडतुसं

आमच्या खोलीत डब्यावर जे लिहिलेलं असतं ते डब्यात नसतं. दूधपावडरच्या डब्यात तांदळाचं पीठ, कॉफीच्या बाटलीत हळद, बिस्किटांच्या डब्यात नसरुद्दीन चाचांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, आणि नेलकटर. चाचा श्रीवर्धनचे, मी दापोलीचा, खोली सौदीतली, धाहरानजवळची. चाचांच्या मते जो चांगला डबा फेकतो तो उद्या माणसंही फेकेल.

आम्ही दोघं अबू तुर्कींच्या नेमबाजी क्लबात कामाला. सरकारी परवाना, भोवती कुंपण, दारातच फोन जमा करायचे. चाचा स्टोअर सांभाळतात आणि काडतुसं हाताने भरतात. वापरलेली पितळी पुंगळी साफ करायची, बुडाशी ठिणगी देणारा नवा प्रायमर बसवायचा, मोजलेली पावडर घालायची, वर शिशाची गोळी. अबू तुर्कींना कारखान्यातली काडतुसं चालत नाहीत. त्यांना घरची चव नसते म्हणे.

चाचांच्या मुलीचं, मेहेकचं, लग्न ठरलं आणि चाचा महिनाभर गावी निघाले. जाताना म्हणाले, "अदनान, सगळं भिंतीवर लिहिलंय. डोकं वापरू नको."

दोनच दिवसांत अबू तुर्की आले. शुक्रवारी त्यांचा मेहुण्याशी, अबू नाइफशी, सामना होता. तीन वर्षं ओळीने हरत होते. रिव्हॉल्व्हरची पन्नास काडतुसं हवी होती, गुरुवारपर्यंत.

भिंतीवर एक कागद होता. कागदावर एक आकडा, आकड्याखाली 'बरोबर'. कुठल्या पावडरचा, किती वजनाच्या गोळीसाठी, काही नाही. मला एवढंच शिकवलं होतं की पावडर बदलली की आकडा बदलतो, आणि आकडा चुकला की रिव्हॉल्व्हर फुटतं, हातासकट. म्हणून इंटरनेटवर बघितलं. तिथे एका गृहस्थाने वेगळाच आकडा दिला होता, आणि पुरावा म्हणून 'मी अजून जिवंत आहे' असं लिहिलं होतं. खाली दुसऱ्याने तिसरा आकडा दिला होता. त्याने पुरावा दिला नव्हता, आणि चार वर्षांत पुन्हा काही लिहिलंही नव्हतं.

शेवटी कपाटामागे पावडर कंपनीचं स्वतःचं पुस्तक सापडलं, प्लास्टिकमधून न काढलेलं. डब्यावरचं नाव, गोळीचं वजन, पुंगळी, सगळं एकेक करून जुळवलं. पुस्तक म्हणतं, सर्वांत कमी मात्रेपासून सुरुवात करा. केली. प्रत्येक मात्रा काट्यावर दोनदा तोलली. गुरुवारी पन्नास काडतुसांची पेटी अबू तुर्कींच्या हातात दिली आणि आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण जबाबदार माणूस आहोत.

हे वाटणं साधारण वीस तास टिकलं.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाहून खोलीवर आलो, कढी करावी म्हणून कोकमाची सोलं शोधायला लागलो. मागच्या फळीवर एका काळ्या चौकोनी डब्यात ती मिळाली. एक तोंडात टाकलं आणि मग डब्याकडे नीट बघितलं. क्लबातल्या पावडरचाच डबा होता. कंपनी तीच, पावडर दुसरी. चाचा निघाले त्याच्या आदल्या दिवशी हा डबा क्लबात अर्धा भरलेला मी स्वतः बघितला होता. आता त्यात सोलं होती. मग पावडर गेली कुठे?

श्रीवर्धनला फोन लावला. मागे ढोलकी चालू होती.

"चाचा, सोलांच्या डब्यातली पावडर कुठाय?"

"वाया नाही घालवली रे. दुसऱ्या डब्यात जागा होती, त्यात ओतली. दोन अर्धे डबे कशाला?"

"त्या दोन वेगळ्या पावडरी होत्या."

"काळ्याच ना दोन्ही?"

"मी त्यातनं पन्नास भरली."

चाचा ढोलकीपासून लांब गेले असावेत. "कागदाप्रमाणे?"

"पुस्तकाप्रमाणे."

"पुस्तकाला काय माहीत मी काय ओतलं ते," चाचा हळूच म्हणाले. "पळ."

अबू तुर्कींचा फोन बंद, म्हणजे दारात जमा झालेला. क्लबातला फोन कोणी उचलेना. टॅक्सी पकडली. गेटवर पहारेकऱ्याने वही पुढे केली. येण्याचं कारण या रकान्यात मी 'बोटं' लिहिलं आणि आत धावलो.

लांबून तरी शांतता होती. एकही बार ऐकू येत नव्हता. शांततेचे दोन अर्थ होतात. त्यातला एक मी धावताना निवडला.

अबू तुर्की आणि अबू नाइफ कानांवर मफ लावून समोरासमोर उभे होते, त्यामुळे ओरडून बोलत होते.

"तफद्दल, आधी तू."

"ला वल्ला, तू वयाने मोठा."

"तू पाहुणा."

"पाहुणा कसला, बहीण दिलीय तुला."

पंच खुर्चीत तिसरा चहा पीत होते. हे पंचवीस मिनिटं चाललं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. पेटी टेबलावर होती. मी तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि झाकण चाचपलं. अजून उघडलं नव्हतं. पेटी कवटाळून तिथेच खाली बसलो.

"काय झालं?" अबू तुर्कींनी मफ काढला.

"खलास. ही नाही चालवायची." पावडरींची भेसळ हे अरबीत कसं सांगायचं ते मला सुचेना. "दोन पावडरी, एक डबा. कबसा." कबसा म्हणजे इथला मसालेभात, सगळं एकत्र शिजवलेला.

त्यांना कळलं. स्वतःचा उजवा हात त्यांनी समोर धरला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"कोणी केलं?"

चाचांचं नाव सांगायचं की नाही, याचा मी विचार करत होतो. तोंडातलं सोल अजून गालात होतं. "भरली मी. डब्याचं सील फुटलेलं होतं. मी नावच वाचलं फक्त."

आता एक्झिटच लागणार, म्हणजे कायमचं दापोलीला, असं धरून चाललो. पण आधी अबू नाइफ बोलले. "म्हणजे पंचवीस मिनिटं मी तुला मरायचा आग्रह करत होतो," आणि ते पंचांच्या शेजारी बसले. अबू तुर्कींना हसू आवरेना. त्यांनी स्वतःचा चहा मला दिला. घशाखाली चहा गेला, त्याच्याबरोबर सोलही गेलं.

सामना कारखान्यातल्या काडतुसांनी झाला. अबू तुर्की चौथ्यांदा हरले आणि त्यांनी दहाही बोटांनी टाळ्या वाजवल्या.

ती पन्नास काडतुसं आणि भेसळीच्या पावडरचा डबा कुलपात ठेवून, नष्ट करायला परवान्याच्या लोकांकडे दिला. क्लबात नवा नियम लागला. पावडर स्वतःच्याच डब्यात राहील, आणि डबा रिकामा झाला की त्याच दिवशी चेपायचा.

महिन्याने चाचा परतले. चेपलेल्या डब्यांच्या ढिगासमोर ते दोन मिनिटं मान खाली घालून उभे राहिले. अबू तुर्कींनी त्यांना आत बोलावलं. काय बोलणं झालं ते चाचांनी सांगितलं नाही, पण बाहेर आल्यावर त्यांनी कंपनीचं पुस्तक घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागले.

संध्याकाळी गावचा मसाला माझ्या हातात दिला. डबा टाल्कम पावडरचा होता. वर कागद चिकटवला होता: 'मसाला. खरंच मसाला. डबा धुतलाय.'

उघडून वास घेतला. मसालाच होता. तरी माशाला लावताना मी चिमटीपासून सुरुवात केली.