वीस मिनिटांची धाव

डेपोतला नियम साधा आहे. बस बाहेर काढायच्या आधी प्रत्येक ड्रायव्हरने दारू तपासायच्या यंत्राच्या नळीत फुंकायचं. हिरवा दिवा लागला की चावी मिळते. लाल लागला तर बाजूला थांबायचं आणि वीस मिनिटांनी परत फुंकायचं. माझ्यासाठी वर एक जादा कलम आहे. लाल दिवा लागला की साहेबांनी लगेच माझ्या घरी फोन करायचा. मला कामावर परत घेतलं तेव्हा मी स्वतःच तसं लिहून दिलं होतं. तेव्हा मोठा शूर होतो.

चौदा महिने झाले, थेंबाला शिवलेलो नाही. त्याआधी पंधरा वर्षं काय दिवे लावले ते विचारू नका. सोडल्यावर सुरुवातीला संध्याकाळ अंगावर यायची. नुसता येरझाऱ्या घालायचो. माझी लेक तेव्हा नऊ वर्षांची, शाळेच्या धावण्याच्या संघात. ती म्हणाली, "घरात फिरतोस त्यापेक्षा माझ्याबरोबर मैदानावर चल." पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीत मी गवतावर आडवा. ही शेजारी उभी राहून म्हणते, "बाबा, मुंग्या चढतील, ऊठ."

आता रोज सकाळी सहा फेऱ्या मारतो. पोट गेलं, पट्ट्याला दोन भोकं वाढवावी लागली. पण खरी मजा वेगळीच. पळताना ती बोलते. मैत्रिणीशी झालेलं भांडण, गणिताच्या बाईंचा जाच, सगळं. पूर्वी मला तिची तुकडीसुद्धा माहीत नव्हती. माझ्यासारख्याच्या पदरात हे पडलं, याचं मला अजून नवल वाटतं. आभार कुणाचे मानायचे कळत नाही, म्हणून दिसेल त्याचे मानतो.

एक गोष्ट मात्र मिळाली नव्हती. माझ्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता. उद्या मैदानावर जाऊ म्हटलं तरी ती आईला हळूच विचारायची, "जाणार ना नक्की?" मला ऐकू यायचं. राग कुणावर काढणार? शब्द मोडायची सवय माझीच होती.

तर परवा माझी दाढ काढली. डॉक्टरांनी गुळण्यांचं औषध दिलं. काल सकाळी डेपोत पोचलो आणि यंत्राजवळ जाण्याआधी नळावर मस्त खळखळून गुळण्या केल्या. पंधरा वर्षं तोंडाचा वास लपवण्यात गेली होती. दारू सुटली, पण साहेबांसमोर जाताना तोंड धुवायची खोड सुटली नव्हती. त्या औषधातही अल्कोहोल असतं, हे या शहाण्याला कुठून कळणार? नळीत फुंकलं आणि लाल दिवा लागला.

बाटली खिशातून काढून दाखवली. साहेबांनी ती वाचली, मान हलवली, आणि तरीही फोन उचलला. नियम म्हणजे नियम.

फोन लेकीने घेतला. आई आंघोळीला गेलीय, मला सांगा, म्हणाली. साहेब अडखळले, पण त्यांनी सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबांना द्या."

"घेतलीस?"

"नाही गं. दाढेच्या औषधाने झालंय."

"बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

आता त्या 'बरं'चा काय अर्थ लावायचा? मागे दोन कंडक्टर खुसखुसत होते. माझं डोकं फिरलं. पूर्वीचा मी असतो तर एकाची गचांडी धरली असती आणि तडक समोरच्या बारमध्ये गेलो असतो. पाय फाटकाकडे वळलेही होते. ते तसेच पुढे नेले, पण फाटकापाशी वळवले आणि डेपोच्या आवारातच धावायला लागलो. गणवेशात, बुटांसकट, उभ्या बसगाड्यांना वळसे घालत.

"अरे, कुठे निघालास?" साहेब ओरडले.

"इथेच आहे साहेब, वेळ बघा."

कंडक्टर म्हणाला, "राहू द्या साहेब, गाडी बंद पडली तर यालाच जुंपू." चौथ्या फेरीत मलाही हसू आलं. आठव्या फेरीत डोळ्यांतून पाणी येत होतं, घामात खपून गेलं. एकच विचार डोक्यात. पोरीला काय वाटलं असेल?

वीस मिनिटांनी फुंकलं. हिरवा. साहेबांनी चावी दिली, पाठीवर थाप मारली आणि घरी लावून फोनही माझ्या हातात दिला. बायकोने उचलला.

"हिरवा लागला," मी एका दमात सांगितलं. "तिला दे."

"ती गेली शाळेत."

"कधी?"

"मघाशीच. तुमचा फोन ठेवला, मला सगळं सांगितलं आणि बूट घालायला बसली. मी म्हटलं, अगं थांब जरा, काय निघतंय ते कळू दे. तर म्हणते कशी, बाबा नाही म्हणालाय ना, मग मी उशीर कशाला करू?"

मी चावी धरून तसाच उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, "काय रे, सगळं ठीक?"

"पोरगी शाळेत गेली, साहेब," मी म्हणालो. आणि गाडीकडे निघालो.