दातांकडून प्रवाळाकडे

मी एक जुना टूथब्रश आहे. हसलात ना, मित्रांनो? खुशाल हसा. माझे केस विस्कटले तेव्हा घरातली धाकटी मुलगी मला फेकूनच देणार होती. इतक्यात तिची थोरली बहीण म्हणाली, "थांब, याला मी कामावर नेते."

थोरली समुद्रात बुडी मारून प्रवाळ वाढवते. उन्हाळ्यात पाणी फार तापले आणि खडकांवरचे प्रवाळ पांढरे पडून मेले. एका जातीची तर एकच जिवंत फांदी तिच्या हाती लागली. ती तिने पाण्याखालच्या जाळीला प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधली. जाळीवर शेवाळ माजले की प्रवाळाचा जीव गुदमरतो. ते घासून काढायचे काम माझ्याकडे आले. खोटे कशाला बोलू, सकाळच्या पारोशा तोंडांपेक्षा मला हे काम फार आवडले.

पुढे धाकटीही बुडी मारायला शिकली आणि बहिणीच्या हाताखाली आली. घरात तिच्याइतकी लख्ख भांडी कुणी घासत नसे. पहिल्याच दिवशी तिने मला घट्ट धरून जाळी चकचकीत केली. फांदीच्या बुडाशी, पट्टीवर, एक फिकट पातळ थर पसरला होता. तोही तिने घासून काढला. मला जीभ असती तर मी ओरडलो असतो.

"ताई, एक डाग ठेवला नाही बघ," होडीत चढताच ती म्हणाली.

थोरली खाली जाऊन आली ती चेहरा पाडूनच. "अगं, तो डाग नव्हता. फांदी पट्टीवर वाढत होती. तिचं नवं अंग होतं ते."

धाकटीला रडू फुटले. "आता मरेल ती?"

"माहीत नाही. जखम भरली तर जगेल."

"ब्रश तूच धर, ताई. मी नुसत्या हवेच्या टाक्या भरत जाईन."

थोरलीने मला धाकटीच्याच हातात दिले. "तूच धर. तो थर आता तुझ्याइतका कुणाच्या लक्षात राहणार?"

त्यानंतर धाकटी फांदीपासून बोटभर लांबच घासू लागली. शेवाळ भराभर काढायची, पण बुडाजवळ येताच तिचा हात मंदावायचा. रोज ती तिथे वाकून बघायची आणि खट्टू होऊन परतायची. मलाही वाईट वाटायचे.

एके सकाळी मात्र पट्टीच्या कडेवर फिकट रेघ दिसली. धाकटीने मला कमरेच्या पिशवीत खोचले आणि बहिणीला हात धरून तिथे आणले.

मित्रांनो, तुम्हीही रोपाची, पिल्लाची, धाकट्या भावंडाची निगा राखत असाल. मनापासून राखा. फक्त हात चालवण्याआधी नीट बघा, तिथे काही नवे उगवत असेल.