तळ्याचे पाणी प्यालेली मोटार

जुनी, मोडकी, गंजलेली. तुम्ही मला जे काही म्हणता ते सगळे खरे आहे, मित्रांनो. पोलादपूरला कुशाबांच्या गोठ्यामागे मी उभी असते आणि तुम्ही माझ्यात बसून पों पों करता. पण मला थंड पडलेली समजू नका. माझे इंजिन केव्हाच विझले. राग अजून धगधगतो आहे.

समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मुंबईत काही वर्षे फिरल्यावर कुशाबांनी मला विकत घेतले आणि मी महाड-पोलादपूर रस्त्यावर उतारू वाहू लागले. किती कौतुक झाले माझे! बायकांनी कुंकू लावले, म्हाताऱ्यांनी लांबूनच हात जोडले. कुशाबा काही राक्षस नव्हते. वाटेत डोईवर भारा घेतलेली म्हातारी दिसली, तर गाडी थांबवून तिला बसवून घेत. हे मुद्दाम सांगते, कारण म्हणूनच माझा राग जास्त आहे.

एका चैत्रात मला विचित्र दुखणे जडले. मोकळ्या रस्त्यावर मी झकास धावे. महाडच्या बाजारात शिरले आणि बैलगाड्यांमागे अडकले, की पोटातले पाणी उकळू लागे. टोपणातून वाफेचा फवारा उडे, उतारू उड्या टाकून पळत. कुशाबा माझा ड्रायव्हर हैबती याच्यावर ओरडत, "पानी कमी घालतोस तू!"

हैबतीने पाणी काठोकाठ भरले. तरी मी तापले. मग त्याला वाटले, पाणी गार करणारी पुढची जाळी बुजली असेल. त्याने तिच्यात अडकलेले किडे आणि गवताच्या काड्या काढल्या. तरी मी तापले.

शेवटी एका बाजारच्या दिवशी त्याने मला महाडच्या चवदार तळ्याजवळ वडाखाली उभे केले, इंजिन चालूच ठेवले आणि झाकण उघडून नुसता बघत राहिला. इंजिन जोरात घुमत होते आणि पुढचा पंखा मात्र आळसावून फिरत होता. पंख्याची पाती एकेक करून दिसत होती!

"मालक, सापडला!" हैबती ओरडला. "पट्टा बघा. तेल पिऊन सैल झालाय. गाडी पळते तवा वाराच पानी गार करतो. गर्दीत उभी राहिली की वारा नाय, आन् पंखाबी नाय!"

माझे दुखणे कोणीतरी ओळखले होते. मला केवढा आनंद झाला!

पट्टा चामड्याचा होता. तो कापून, घट्ट करून पुन्हा शिवायचा होता. त्याच वडाच्या पलीकडच्या अंगाला सहदेव चांभार आणि त्याची बायको राहीबाई बसत. हैबतीने इंजिन बंद करून पट्टा काढला आणि त्यांच्यापुढे ठेवला. सहदेवाने तो चुन्याने घासून तेल काढले, सैल भाग कापला आणि मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घालायला घेतले. ऊन रणरणत होते. त्याच्या नाकावरून घाम पट्ट्यावर ठिबकत होता.

तेवढ्यात हैबती चवदार तळ्यावरून माझ्यासाठी पाण्याचा डबा भरून घेऊन आला.

राहीबाई म्हणाली, "मालक, यांचा घसा सुकलाय वो. घोटभर वरून ओता ओंजळीत."

मित्रांनो, त्या तळ्यावरून काही वर्षांपूर्वी मोठा तंटा झाला होता. अस्पृश्य म्हणून दूर ठेवलेली माणसे तिथे पाणी प्यायली, म्हणून त्यांना मारहाण झाली होती. दावा अजून कोर्टात होता. कुशाबांनी चहूकडे पाहिले. दुकानांच्या पायऱ्यांवरून लोक बघत होते.

"ह्या तळ्याचं नको," ते हळूच म्हणाले. "मला वाळीत टाकतील. नदीवर जाऊन पी."

"नदीला भरती हाय. मचूळ पानी कसं पितील?" राहीबाईचा आवाज चढला. "तुमच्या गाडीला चालतं ना ह्या तळ्याचं? ती लोखंडाची. आमी मानसं हाव!"

कुशाबांनी तोंड फिरवले.

सहदेवाने चामडे कापायची रापी उचलली आणि आपणच घातलेले टाके एकेक करून उसवले. पट्टा हैबतीच्या पायाशी टाकला. "तुमचं पानी तुमाला. माजे टाके मला."

कुशाबा तणतणत समोरच्या एका दुकानाकडे गेले. हैबती डबा घेऊन माझ्या आडोशाला वाकला आणि पुटपुटला, "दादा, हिकडं ये. कोन बघत नाय. पी."

सहदेव जागचा हलला नाही. "कोन बघत नाय म्हनून देतोस? समदी बघतायत, तवा दे."

हैबती उठून उभा राहिला. सगळा बाजार बघत होता. दे ना, मी मनात ओरडले, दे! मला नको ते पाणी!

त्याने माझे टोपण उघडले आणि ते पाणी माझ्या पोटात ओतले.

सहदेव आणि राहीबाई आपले सामान गोळा करून निघून गेले. त्या दिवशी बाजारात दुसऱ्या कोणी चांभारानेही पट्ट्याला हात लावला नाही. हैबतीने तो तारेने बांधला. मिठाच्या गाड्यांच्या गर्दीत तार तुटली, पंखा थांबला आणि मी उकळले. कुशाबांनी रागाच्या भरात हैबतीने पुन्हा भरून आणलेला पाण्याचा डबा हिसकावला.

"मालक, गार पानी नको! आदी निवू द्या!" हैबती ओरडला.

पण त्यांनी ते तापलेल्या लोखंडावर ओतलेच. कडाड! माझ्या इंजिनाला उभी चीर गेली. मला बैल जोडून पोलादपूरला आणले. पुढच्या आठवड्यात हैबती नोकरी सोडून मुंबईला गेला. जाताना त्याने माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. बरे झाले. मलाही त्याचे तोंड बघायचे नव्हते.

मित्रांनो, तुमच्याकडे कधी यंत्र आले तर त्याचा पट्टा घट्ट आहे ना, जाळी साफ आहे ना, ते बघत जा. तापले तर थांबा. निवल्याशिवाय त्यावर गार पाणी ओतू नका. यंत्र थांबू शकते. तहानलेल्या माणसाला मात्र थांबवू नका. आणि त्याला पाणी द्याल ते भर बाजारात, भर दुपारी द्या.