भोंगा मिस्त्री

जावई शेडच्या दारात उभा राहून ओरडत होता, तेव्हा ओंडका अर्धा चिरून झाला होता. करवतीच्या आवाजात त्याचं एक अक्षर ऐकू येत नव्हतं, नुसता जबडा हलताना दिसत होता. पण पलीकडे फळी ओढायला उभी असलेली माझी लेक पांढरीफटक पडली, त्यावरून काय ते समजलो. ओंडक्याचा गाडा मागे घेतला आणि दांडा ओढून पात्याचा पट्टा उतरवला. इंजिन मात्र चालूच ठेवलं. म्हातारं इंजिन, एकदा बंद पडलं की पुन्हा सुरू होताना माझ्यासारखेच शंभर नखरे करतं.

ही करवत वखारीतली. तिथे चौतीस वर्षं मी तीच चालवली. वखार बंद झाली, करवत भंगारात निघाली, तेव्हा ती घरामागच्या शेडमध्ये आणून बसवली. पुढच्या खोलीत लेक खुर्च्या, कपाटं, पाळणे करते, तिच्यापुरतं लाकूड मी चिरून देतो. आठ महिन्यांपूर्वी गळ्याजवळचं हाड मोडून घेऊन ती माहेरी आली. सुतारकाम ती माझ्याकडे शिकली, मार खायला नवऱ्याकडे.

वखारीत मला भोंगा म्हणत. करवत चालवणाऱ्याला सगळ्यांचे हात दिसतात, म्हणून ओरडायचं काम त्याचं. कुणाचं बोट पात्याजवळ जाताना दिसलं की मी "हात!" म्हणून ओरडायचो आणि अख्खी वखार दोन्ही हात वर करून उभी राहायची, कोपऱ्यात चहा पीत बसलेलासुद्धा. झोपेतही ओरडायचो म्हणे. बायकोने सहन केलं बिचारीने. पण चौतीस वर्षांत माझ्या करवतीवर कुणाचं नखही गेलं नाही.

"आज हिला घेतल्याशिवाय हलत नाही," जावई आत येत म्हणाला.

"ती येणार नाही. आल्या पावली परत जा."

"मी तुमच्याशी बोलत नाहीये."

"शेड माझी आहे. बोलावंच लागेल."

लेक म्हणाली, "घटस्फोटाचे कागद पाठवलेत ना तुम्हाला? सही करा आणि सुटा एकदाचे."

त्याने पायाशी पडलेला लाकडाचा तुकडा उचलला आणि सरळ तिच्या तोंडावर हाणला. तिचा ओठ फाटून रक्त हनुवटीवर आलं. मी पहार उचलून त्याच्या पाठीत घातली. तो कळवळला आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. दुसरी घालायला गेलो, पण तो पस्तिशीचा आणि मी अडुसष्टचा. त्याने पहार हिसकावली आणि माझ्याच गुडघ्यावर हाणली. खाली पडलो तशी तोंडावर लाथ बसली. दोन दात भुशात पडले.

मग त्याने लेकीची वेणी हाताला गुंडाळली आणि तिला ओढायला लागला. तिने ओंडक्याच्या गाड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. सुतारणीचे हात ते, सुटेनात. तिचा चेहरा माझ्याकडे होता. त्याची पाठ करवतीकडे.

पट्टा उतरवला तरी पातं लगेच थांबत नाही. दोन-तीन मिनिटं फिरत राहतं. फिरताना दात दिसत नाहीत, स्वच्छ घासून ठेवलेल्या परातीसारखं दिसतं. एरवी त्याची सूं-सूं ऐकू येते, त्या दिवशी ती इंजिनाच्या घरघरीत बुडाली होती. हे मला माहीत, लेकीला माहीत. त्याला कुठून माहीत असणार? जोर लावायला आधार हवा म्हणून त्याने मोकळा हात मागे नेला.

मला दिसलं. हात वीतभर अंतरावर होता. तोंडात रक्त होतं, पण जीभ जागेवर होती, आवाजही होता. शब्द तर सवयीने ओठांवर आलाच होता.

मी तो गिळला.

चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला. तो हाताकडे बघतच राहिला आणि मग जे ओरडला, ते इंजिनाच्या वरताण. लेकीने वळून पाहिलं. त्याच्याच कमरेचा पट्टा काढून मनगटावर करकचून आवळला, स्वतःची ओढणी हाताला गुंडाळली. फाटक्या ओठाने त्याला म्हणत होती, "हात वर धरा. वर. बघू नका तिकडे." शेजाऱ्याची गाडी आणून दवाखान्यात तिनेच नेलं. मी भुशात बसून होतो. इंजिन बंद करायचंही सुचलं नाही.

हवालदार आला तेव्हा माझ्या तोंडाला पट्टी होती.

"सूचना दिली होती का त्यांना?" त्याने विचारलं.

"बाबा ओरडले होते," लेक म्हणाली. "मी ऐकलं. ह्यांनी लक्ष दिलं नाही."

हवालदाराने लिहून घेतलं. पुढे त्या कागदांवर जावयाची सही आली. डाव्या हाताने केलेली, वाकडीतिकडी. तो पुन्हा फिरकला नाही. मला जे हवं होतं ते सगळं झालं.

पंधरा दिवस लेक माझ्याशी कामापुरतं बोलली. सोळाव्या दिवशी सकाळी शेडमध्ये आली. ओठावर टाक्यांची खूण होती. मी इंजिनात तेल घालत होतो.

"तुमचं तोंड उघडलं होतं, बाबा. मग मिटलं. मी बघत होते."

मी मान खाली घातली. "तुझ्यासाठीच गं पोरी..."

"माझ्यासाठी नको होतं. मार खाल्ला असता मी आणखी एक. मलाही त्याचा राग होता, आहे. पण पात्यासमोर कोण उभंय ते बघून ओरडायचं की नाही ठरवायचं, असं तुम्ही नव्हतं शिकवलं." तिचा आवाज चिरकला. "मी तिकडे उभी असते तेव्हा तुमच्या भरवशावर असते. आता मला भीती वाटते."

"माझी?"

ती रडली. डोळे पुसून दांड्यापाशी येऊन उभी राहिली.

"आजपासून करवत मी चालवते. तुम्ही फळ्या ओढा."

वखारीत नवा माणूस पहिल्या दिवशी फळ्या ओढायला उभा करत. मी गुडघा ओढत, करवतीला वळसा घालून पलीकडे गेलो. तिने पट्टा चढवला, पातं वेग घेईपर्यंत थांबली. छान चालवते, माझ्यापेक्षा हलका हात आहे. गाडा पुढे ढकलण्याआधी दर वेळी ती मान वर करून माझ्या हातांकडे बघते. चेहऱ्याकडे बघत नाही.