आईचा उजेड

आई गेली आणि मग लक्षात आलं, घरच्या एकाही ग्रुप फोटोत ती नाही. "तुम्ही उभे राहा, मी आलेच," म्हणायची. ती येईपर्यंत फोटो उरकलेला असायचा.

म्हणून लेकीनेच सगळ्यांना एका फोटोत आणून तो भिंतीवर लावायचं ठरवलं. लग्नातली आत्या, गच्चीवरचा भाऊ, बागेतले बाबा आणि स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्याखाली मागे वळून पाहणारी आई. प्रत्येकाला आपापल्या फोटोतून कापून तिने कॉम्प्युटरवर एकावर एक थर, म्हणजे लेअर, रचले.

पण उजेड काही केल्या जमेना. कुणावर भर दुपार, कुणावर झगझगाट. ऑफिसात कपड्यांच्या कॅटलॉगचे ढीगभर फोटो एकसारखे करायला तिने आपोआप काम करणारा एक छोटा प्रोग्राम, स्क्रिप्ट, लिहिली होती, तीच इथे चालवली. स्क्रिप्टने सगळ्या लेअरच्या उजेडाची सरासरी काढली आणि प्रत्येकाला तिथे आणून बसवलं; मंद दिव्यातली आई एकदम उजळली.

बाबांनी चष्मा पुसून पाहिलं. "छान. पण ही कोण?"

"बाबा, आई आहे."

"ते कळलं गं. हिच्या गालावरचा तेल उडाल्याचा डाग कुठे गेला?"

"दिसतेय की छान!" शेजारी बसलेली आत्या म्हणाली. "जन्मभर बायकोला बरं म्हणाला नाहीस, आता तरी म्हण."

बाबा हसले नाहीत. "भिंतीवरच्या हिच्याशी मला रोज बोलायचंय, आक्का. परक्या बाईशी काय बोलू?"

लेकीने आईचा लेअर स्क्रिप्टमधून वगळून पाहिला. डाग परत आला. पण भर उजेडातल्या माणसांत आई चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखी दिसू लागली. इतक्या वेळा तर ती फोटोबाहेर राहिली होतीच.

मग तिने सरासरीची ओळच खोडली. माप आईचं धरायचं, तिला हात लावायचा नाही. बाकीच्यांनी तिच्याकडे यायचं.

बागेतली दुपार उतरली, गच्ची मावळली. सगळेच पिवळसर झाले, जणू चहाला हाक मारली म्हणून स्वयंपाकघरात जमले होते.

"अगं बाई, माझा मेकअप पार पाण्यात घातलास!" आत्या ओरडली.

"असू दे," बाबा म्हणाले. खुर्ची ओढून ते स्क्रीनजवळ सरकले. मग हळूच, आत्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने लेकीला म्हणाले, "मला जरा तिच्या बाजूला सरकवता येईल?"

तिने त्यांचा लेअर धरून सरकवला.

"अजून थोडं," बाबा म्हणाले.